बिलाविना गेलेला तुकडा

माझी धाकटी बहीण औषधांचं दुकान चालवते. तिचे केस माझ्याआधी पांढरे झाले, तरी घरात ती धाकटीच. गिऱ्हाइकं तिला बाई म्हणतात. मी गवंडी होतो. गुडघे परांचीवर चढेनासे झाले तेव्हा थापी धुऊन ठेवली, आणि तेव्हापासून दुपारचा तिच्या दुकानात स्टुलावर बसतो. मला तिथे औषध विकायची परवानगी नाही. साबण आणि दात घासायचा ब्रश तेवढा देऊ शकतो. "दादा साबणाचे डॉक्टर," असं ती गिऱ्हाइकांना सांगते.

दुकान एका चारमजली इमारतीच्या तळाशी, जिन्याला लागून. लायसन मिळण्याआधी सरकारी माणूस येऊन जागा मोजतो. ठरलेल्या मापापेक्षा जागा लहान असेल तर लायसन मिळत नाही. त्याने फीत लावली आणि वीतभर जागा कमी भरली. मागच्या मालकाने ओल झाकायला आतून दुसरी भिंत चिकटवली होती, तिने ती वीत खाल्ली होती. मी ती भिंत फोडली. ओल कुठून येते ते शोधलं, जिन्याखालचा नळ गळत होता, तो बदलून घेतला, मग मूळ भिंतीला पातळ गिलावा केला. आधी ओल घालवायची, मग गिलावा. उलटं करणारे पुष्कळ पाहिले, त्यांच्या भिंती दोन पावसाळेही टिकत नाहीत. माणूस परत आला, त्याने मोजलं, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, भिंत कुठे गेली. धाकटी म्हणाली, "दादाच्या पाठीवरून बाहेर गेली."

त्याआधी ती औषधांच्या गोदामात खोकी भरायची. खोक्यांवरची नावं वाचून वाचून तिला वाटलं, नुसती उचलण्यापेक्षा ही कशासाठी असतात ते कळलेलं बरं. फार्मासिस्टचा अभ्यास तिने लग्नानंतर केला. शेवटची परीक्षा दिली तेव्हा दिवस भरत आले होते, बाकापुढे पोट मावेना म्हणून तिला दाराजवळ वेगळं टेबल दिलं होतं. ते सर्टिफिकेट आता काउंटरच्या मागे काचेत टांगलं आहे. त्यावरच्या फोटोतली गोल चेहऱ्याची मुलगी कोण, असं नवी गिऱ्हाइकं विचारतात.

नियम असा की ज्याचं सर्टिफिकेट भिंतीवर, तो माणूस दुकानात हजर पाहिजे. तो नसताना चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. सगळीकडे हे पाळतात असं नाही. एकदा एक गृहस्थ तिच्याकडे आले, त्यांना पलीकडच्या चौकात दुकान काढायचं होतं. बाईंनी नुसता कागद टांगायला द्यायचा, यायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणाली, गोळी चुकीची गेली तर तुरुंगात कागद जाईल का मी जाईन, तेवढं आधी ठरवू. ते गृहस्थ खोकल्याच्या गोळ्या घेऊन गेले.

माणूस किती काम करतो ते मी त्याच्या पाठीवरून ओळखतो. धाकटीच्या कामात वजन नाही, वाकणं आहे. सकाळी शटर उघडलं की आधी फ्रिजचं दार. आत एक तापमापक असतो, त्याचा आकडा भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचा, मग दिवा लावायचा. संध्याकाळी पुन्हा. जड बाटल्या खालच्या फळीवर, लहान खोकी वर. नवा माल मागे, मुदत लवकर संपणारा पुढे. मुदत संपलेलं औषध झाकणाच्या लाल डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरात 'विक्रीसाठी नाही'. झोपेच्या आणि कडक वेदनेच्या गोळ्या कुलपात, किल्ली तिच्या कमरेला. डॉक्टरांची चिठ्ठी ती दोनदा वाचते, एकदा मनात, एकदा समोरच्याला ऐकवून. बसत नाही. माझं स्टूल खरं तर तिच्यासाठी आणलेलं होतं.

आता गोळ्या कापायची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून झालं.

गोळ्यांच्या स्ट्रिपच्या एका टोकाला बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. बॅच म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला माल. गिऱ्हाइकाला पूर्ण स्ट्रिप नको असेल तर कात्रीने कापून द्यावी लागते. धाकटी नेहमी बिनछापाच्या टोकाकडून कापते. म्हणजे दुकानात उरलेल्या तुकड्यावर नंबर आणि तारीख शेवटपर्यंत राहते, आणि इन्स्पेक्टरने ड्रॉवर उघडला तर एकही तुकडा बिनतारखेचा सापडत नाही. जे आळशी असतात ते हाताला येईल तसं कापतात आणि मग दंड भरतात. हिची कात्री कधी चुकली नाही. गोदामातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरने शिकवलं होतं, ते तिने अंगात मुरवलं.

इन्स्पेक्टर वर्षातून एखादा फेरा मारतो, न सांगता. मोजणारा जुना माणूस गेला, त्याच्या जागी एक किडकिडीत, जाड भिंगांचा तरुण आला. दुकानदारांत त्याचं नाव चष्मेवाला. तो कुठल्याच दुकानात चहा पीत नाही, पाणीसुद्धा पिशवीतलं स्वतःचं. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने फ्रिजचा तक्ता बघितला, लाल डबा उघडला, कुलूप ओढून पाहिलं, ड्रॉवरमधले कापलेले तुकडे एकेक करून उलटवले आणि म्हणाला, ठीक आहे. बाहेर पडताना त्याने मला विचारलं, तुम्ही इथे काय करता. मी म्हणालो, साबण. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं याची धाकटीला पुढे आठवडाभर उत्सुकता होती. तिचा नवरा म्हणाला, "लिहिलं असेल, दुकानात एक गवंडी सापडला, मुदत संपलेला."

तिचा नवरा बस चालवतो. बोलायला मोकळा, पण घाबरट. दुकान तिच्या नावावर, पण लायसनची काळजी वाहण्याचं काम त्याच्याकडे.

त्या वर्षी हृदयाच्या एका गोळीबद्दल पत्र आलं. ही गोळी हृदयाचे ठोके आवरते, भलतेच जोरात पडू देत नाही. कंपनीने कळवलं होतं की अमुक बॅचमधल्या काही गोळ्यांत औषध दुप्पट पडलं आहे. विक्री थांबवा, असलेला माल परत पाठवा, विकलेला माल शक्य तिथून परत घ्या. औषध खात्याचंही तेच पत्र आलं. धाकटीने पत्र वाचलं आणि हातातलं गिऱ्हाईक तसंच ठेवून ड्रॉवर उपसला. गोळी दुप्पट झाली तर ठोके फार कमी पडतात, माणूस उठताना चक्कर येऊन कोसळतो, कधी उठतच नाही, असं तिने मला सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, स्ट्रिपा मोजत होती.

पूर्ण स्ट्रिपा सरळ होत्या. त्या खोक्यात घालून तिने वर पत्राची प्रत चिकटवली. ज्यांनी पूर्ण स्ट्रिप नेली होती त्यांना फोन केले, त्यांनी आपापल्या स्ट्रिपवरचा नंबर वाचून दाखवला. घोळ कापलेल्यांचा झाला. त्या दिवसांत ड्रॉवरमध्ये दोन बॅच होत्या, एक बरी, एक वाईट. नंबर होता दुकानात राहिलेल्या तुकड्यांवर. लोकांनी नेलेले तुकडे कोरे. आपल्या घरातली गोळी बरी की वाईट हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. तिच्या ड्रॉवरमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती, आणि जिथे गोळी पोटात जाणार तिथे अंधार.

तिने कात्री ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावला. बराच वेळ उघडला नाही.

मग म्हणाली, कोरे सगळेच परत घ्यायचे. बरे असोत की वाईट, नवे द्यायचे.

बिलांवर नावं होती, बॅच नव्हती. फोन ज्यांचे लागले त्यांना ती म्हणाली, आजची गोळी घेऊ नका, मी येते. शटरवर 'फार्मासिस्ट बाहेर गेल्या आहेत' अशी पाटी लावली, कारण ती नसताना दुकान उघडं ठेवून उपयोग नव्हता. मी पिशवी धरायला बरोबर गेलो. जिने चढताना माझे गुडघे बोलत होते, मी त्यांना गप्प केलं. ती प्रत्येक मजल्यावर माझ्यासाठी थांबायची आणि भिंतीचा रंग बघत असल्याचं सोंग करायची.

बहुतेकांनी निमूट दिलं. तिसऱ्या मजल्यावरची एक म्हातारी मात्र डबा छातीशी धरून बसली. तिला या गोळीने कधी नव्हे ते बरं वाटत होतं.

"बाई, चांगली गोळी परत मागताय आणि हलकी देताय. मला सगळं कळतं."

धाकटी म्हणाली, "आजी, ही गोळी जरा जास्तच चांगली झालीय."

"मग असू दे की. मी कधी कोणाकडून जास्तीचं काही मागितलंय का?"

सुनेने मागून डबा काढून घेतला. म्हातारीने आम्हाला जाताना दार लावून घेऊ दिलं नाही, स्वतः उठून लावलं, जोरात.

सगळे तुकडे गोळा झाल्यावर धाकटीने काउंटरवर हिशेब मांडला. आलेला माल एका बाजूला. विकलेला, परत आलेला, शिल्लक, दुसऱ्या बाजूला. वाईट बॅचचा अर्ध्या स्ट्रिपचा एक तुकडा कमी भरला; त्याचा नंबर असलेला अर्धा भाग ड्रॉवरमध्ये होता, कोरा कुठेच नव्हता. तिने पुन्हा मोजलं. भिंतीचं माप चुकलं की आम्ही मोजणारा बदलायचो, म्हणून मीही मोजलं. कमीच.

तो तुकडा ड्रॉवरमध्ये नव्हता आणि कुठल्या बिलावरही नव्हता. म्हणजे बिल न करता गेला होता. चिठ्ठीवरचं औषध बिल न करता देणं हा गुन्हा आहे, आणि तो तिच्या हातून झाला होता, कारण दुसरा हातच तिथे नव्हता.

होलसेलवाल्याचा माणूस खोकं न्यायला आला तेव्हा त्याने हिशेब पाहिला आणि हसला. म्हणाला, बाई, तुटल्या म्हणून लिहा की. स्ट्रिप फाटते, गोळ्यांचा भुगा होतो, सगळेच लिहितात, कोणी विचारत नाही. तिच्या नवऱ्याला हे पटलं. रात्रीच्या जेवणाला त्याने तेच लावून धरलं. इतकी वर्षं नाकावर माशी बसू दिली नाहीस, आता स्वतःहून मान कापायला देणार का, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं. तुटलेल्या गोळ्यांसाठी फॉर्मवर रकाना असतोच.

धाकटीने ताट बाजूला सारलं.

"तुटल्या लिहिल्या की शोधायचं थांबतं," ती म्हणाली. "हिशेब जुळला की कोणी कशाला शोधेल? आणि कोणीतरी रोज गिळतंय."

"पण कोण, ते तरी आठवतंय का तुला?"

"आठवतंय. तोंड आठवत नाही. चिठ्ठी आठवतेय."

हे तिचं खरं आहे. रस्त्यात माणूस भेटला तर ती ओळखत नाही, चिठ्ठी दाखवली तर त्याचं पोट, साखर, थोरली मुलगी, सगळं सांगते. आठवत होतं ते असं. दुपारची वेळ, जिन्याचा दिवा दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियनने लाइन बंद केली होती, त्यामुळे कॉम्प्युटर बंद. काउंटरवर गर्दी. एक बाई गुलाबी चिठ्ठी घेऊन आली, बस सुटेल म्हणून पाय बदलत होती. गुलाबी कागद नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलच्या हृदयविभागाचा. गोळी वडिलांची, रोज अर्धी. धाकटीने चिठ्ठी दोनदा वाचली, शिक्का मारला, स्ट्रिप कापली, पाकिटावर 'सकाळी अर्धी' लिहून दिली. बिल लाइन आल्यावर करते, असं मनात म्हणाली. लाइन आली, गर्दी हलली नव्हती, ते राहिलं.

रोज अर्धी गोळी म्हणजे तो तुकडा लवकर संपणारा नव्हता. म्हाताऱ्याच्या डब्यात अजून गोळ्या शिल्लक असणार.

सकाळी तिने हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं की अशी अर्धी गोळी घेणारे खूप आहेत, आणि पेशंटची माहिती दुकानाला देता येत नाही. तिने दुप्पट झालेल्या गोळीचं सांगितलं. तो म्हणाला, खात्याकडून पत्र येऊ दे. त्याचं चुकलं नाही. आज मी फोनवरून कोणाचा आजार विचारला तर त्याने मला सांगू नयेच.

खात्याकडून पत्र यायचं तर खात्याला सांगावं लागणार. आणि खात्याला सांगायचं म्हणजे बिलाविना विकलं हे सांगायचं. दुसरी वाट तिने शोधली नाही असं नाही. चहा निवून साय धरेपर्यंत ती काउंटरवर हात टेकून उभी होती. मग तिने चष्मेवाल्याला फोन केला आणि मला म्हणाली, दादा, आज साबणही विकू नका, इन्स्पेक्टर येतोय.

तो दुपारी आला. माल परत पाठवल्याचे कागद बघायला त्याला तसंही यायचंच होतं. त्याने हिशेबावर बोट फिरवलं, कमी पडलेल्या तुकड्यापाशी थांबला.

"इथे तुटल्या लिहायच्या राहिल्यात," तो म्हणाला.

"तुटल्या नाहीत. मी विकल्या. बिल केलं नाही."

तो वर बघेना. पेन तसंच धरून होता. मग सावकाश म्हणाला, "बाई, हे तुम्ही मला लिहून दिलंत तर मला पुढे पाठवावं लागेल. लायसन थांबवतील. तुमचं सगळं रेकॉर्ड बघूनसुद्धा थांबवतील. विचार करून बोला."

"विचार झालाय. मी लिहून देते. तुम्ही आधी हॉस्पिटलला पत्र पाठवा, बाकीचं मागून करा."

"पत्राला दोन-तीन दिवस लागतात."

"मग फोन करा. माझा ते घेत नाहीत, तुमचा घेतील. तुम्ही फोन करा, तोवर मी लिहिते."

ती लिहायला बसली. त्या दुकानात तिला मी पहिल्यांदा बसलेली पाहिली, माझ्या स्टुलावर. चष्मेवाला बाहेर पायरीवर जाऊन फोनवर बोलत राहिला. आधी कोणीतरी त्याला दुसऱ्या कोणाकडे पाठवलं, त्याने तिसऱ्याकडे. त्याचा आवाज चढला. असा माणूस आवाज चढवतो हे मला माहीत नव्हतं. आत आला तेव्हा घामाने चष्मा नाकावर घसरला होता. चिठ्ठीची तारीख आणि औषध सांगितल्यावर त्यांनी चार नावं काढली होती, त्यांतल्या एकाचीच चिठ्ठी मुलगी घेऊन जायची. ते त्या घरी फोन करत होते.

त्याने धाकटीचा कागद वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला. पाणी प्यायला, स्वतःचंच. नंतर फोन वाजला. त्याने ऐकलं आणि आम्हाला सांगितलं. गृहस्थ निवृत्त पोस्टमन. गेले काही दिवस उठले की चक्कर येते, भिंत धरून चालतात. घरच्यांना वाटलं वयामुळे. आता त्यांना हॉस्पिटलमध्ये आणतायत. घरीच ठोके मोजले, फार कमी पडतायत.

धाकटीने फक्त विचारलं, आजची सकाळची गोळी घेतली का. त्याने पुन्हा फोन लावून विचारलं. घेतली होती.

तो दिवस आणि पुढचे दोन दिवस दुकान चालू होतं. ती चिठ्ठ्या दोनदाच वाचायची, तिसऱ्यांदा नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. भीतीने हात अडखळतो आणि काम बिघडतं, तसं तिने होऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने कळवलं की पोस्टमन शुद्धीत आहेत आणि नर्सशी भांडतायत. तेव्हा ती मागे मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली.

खात्याच्या कचेरीत सुनावणी झाली. लांब बाक, वर पंखा, टेबलापलीकडे एक साहेब. धाकटीबरोबर तिचा नवरा आणि मी. साहेबांनी विचारलं, बिल का केलं नाही. ती म्हणाली, लाइन नव्हती आणि गर्दी होती. मग म्हणाली, "हे कारण म्हणून सांगत नाही. झालं ते सांगतेय." साहेबांनी विचारलं, हाताने बिल करायचं पुस्तक नव्हतं का. होतं, ड्रॉवरमध्येच होतं. साहेबांनी मान हलवली. चष्मेवाल्याने तिच्या बाजूने दोन वाक्यं सांगितली, तीही कागदात बघून. लायसन महिनाभरासाठी थांबलं.

शटरवर खात्याचा कागद चिकटवला. त्यावर कारण छापलेलं नसतं, त्यामुळे लोकांनी आपापलं कारण घातलं. कोणी म्हणालं, नकली माल सापडला. कोणी म्हणालं, झोपेच्या गोळ्या मागच्या दाराने जायच्या. दुकानाला मागचं दार नाही, ते मीच बुजवलं होतं. भाजीच्या गाड्यापाशी एक बाई हे बोलत होती तेव्हा आमची ही तिथे होती. ही एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. घरी येऊन धाकटीला म्हणाली, "वन्सं, मी आज भांडले. भाजी तिथेच राहिली."

"वहिनी, कशाला?"

"कशाला म्हणजे? इतकी वर्षं भांडायचं राहिलं होतं."

महिनाभर दुकान बंद, पण काम होतं. फ्रिजमधली औषधं दुसऱ्या दुकानात ठेवायला द्यावी लागली, बर्फाच्या पेटीतून, तापमापक आत ठेवून. नेहमीच्या पेशंटना कुठे जायचं ते फोन करून सांगावं लागलं. तिच्या नवऱ्याने सुट्टी काढून फळ्या पुसल्या. त्याने पुसलेल्या फळ्या तिने पुन्हा पुसल्या. तो नुसता फडका पिळून देत राहिला. त्या फडक्यावरून त्यांचं जेवणाच्या वेळचं भांडण मिटलं असं मी धरतो.

तुकडा देण्याची पद्धत बदलायचं तिने ठरवलं ते याच दिवसांत. तुकडा ज्या टोकाकडून कापायचा त्याच टोकाकडून कापते, पण देताना पाकिटावर बॅच आणि मुदत हाताने लिहून देते. प्रत्येकाला. यात वेळ जातो. रांग वाढते, लोक चुळबुळतात, काही पलीकडच्या चौकात जातात. तिथल्या काचेत एक सर्टिफिकेट टांगलेलं आहे, त्या फोटोतला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तिला मी म्हणालो, इतकं लिहून मनगट जाईल. ती म्हणाली, तुमचे गुडघे गेले तेव्हा मी बोलले का.

दुकान पुन्हा उघडल्यावर पोस्टमनची मुलगी आली. आम्ही तिला ओळखलं नाही. तिने काउंटरवर रिकामं पाकीट ठेवलं, 'सकाळी अर्धी' लिहिलेलं. धाकटीने अक्षर बघितलं आणि तिच्या लक्षात आलं.

ती बाई भांडायला आली होती आणि भांडली. रोज सकाळी मीच गोळी मोडून बाबांच्या हातावर ठेवायचे, म्हणाली. चक्कर आली की मीच त्यांना म्हणायचे, नीट चाला, पाय उचलून टाका. बाबा माझी माफी मागायचे, पडलो म्हणून. हे सांगताना तिचा आवाज फुटला, मग पुन्हा कडक झाला. दोन गिऱ्हाइकं होती, ती बाजूला सरकली. मी स्टुलावरून उठलो, काय करायचं ते न कळून उभा राहिलो.

"हॉस्पिटलने सांगितलं तुम्ही स्वतःहून कबूल केलंत," ती म्हणाली. "म्हणून मी तुम्हाला माफ करायचं का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

ती बाई थांबली. काउंटरची कड धरून उभी राहिली.

धाकटीने विचारलं, "आता ठोके किती पडतात त्यांचे?"

"बासष्ट. सकाळी बासष्ट होते."

"आणि उठताना?"

"उठताना एकदा भिंतीला हात लावतात. सवयीने. चक्कर नाही."

"डाव्या हाताला मोजता की उजव्या?"

"डाव्या. का?"

"एकाच हाताला मोजा रोज. आणि उठल्या उठल्या नको, थोडं बसू द्या त्यांना."

त्या बाईने मान डोलावली. रिकामं पाकीट उचलून पर्समध्ये ठेवलं आणि निघून गेली. ती नंतर आली नाही. तिला हॉस्पिटलजवळचं दुकान सोयीचं आहे, आणि सोयीचं नसतं तरी ती आली नसती.

बाजूला सरकलेली गिऱ्हाइकं पुढे आली. धाकटीने पहिल्याची चिठ्ठी घेतली, मनात वाचली, मग त्याला वाचून दाखवली.